शिंपल्यांचा ढीग म्हणजे जेवणाचे ताट नव्हे

डेन्मार्कमधील एर्टेबोले येथे १८९३ ते १८९७ या काळात उत्खनन झालेला शिंपल्यांचा ढीग सुमारे १४० मीटर लांब आहे. असे ढीग पाहून तेथील अश्मयुगीन माणसे मुख्यतः कालवांवरच जगत होती, असा समज रूढ झाला. तो बरोबर नाही. कवच हजारो वर्षे टिकते, पण त्यातले मांस घासभरच असते. पुरातत्त्वज्ञ जेफ बेली यांच्या हिशेबाने एका तांबड्या हरणाइतके उष्मांक मिळवायला पन्नास हजारांहून अधिक कालवे लागतात. (कोकणात कालवे फोडण्याचे कष्ट पाहिलेल्यांना हे पटेल.) शिवाय याच ढिगात माशांची हाडे विपुल सापडली, आणि त्यांतील बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांची आहेत.

मग कालवे कधी खात? हिवाळ्यात कवचाची वाढ मंदावते आणि तिची रेषा उमटते. त्या रेषांवरून डेन्मार्कमधील नॉर्समिंडे येथील बरीच कालवे वसंताच्या आरंभी वेचलेली दिसतात. ढिगाची खरी साक्ष हवामानाविषयी आहे: कालवांना पुरेसे खारे पाणी आणि उबदार उन्हाळा लागतो, म्हणून त्यांचे जाड थर तेव्हाच्या समुद्राचे गुणधर्मच नोंदवतात.