कणगीतलं बी आणि कांटचे शंभर थालर

कणगीत पडलेलं ज्वारीचं बी उगवत नाही. तेच ओलीत पेरलं की काही दिवसांत कोंब वर येतो. मग कणगीतलं आणि मातीतलं बी एकच म्हणायचं का? शेतकऱ्याला हा प्रश्न रिकामटेकडा वाटेल. पण भारतातल्या तार्किकांनी यावर कित्येक पिढ्या वाद घातला, आणि पणाला लागला होता खुद्द ईश्वर.

सातव्या शतकातले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी असण्याची कसोटी सांगितली : अर्थक्रियासामर्थ्य. म्हणजे, जे काही घडवू शकतं तेच खरोखर आहे. आता कधीच न बदलणाऱ्या, नित्य ईश्वराने जग घडवलं असं म्हणा. घडवण्याचं सामर्थ्य त्याच्यात कायमचंच असेल, तर सगळं एकदमच का झालं नाही? आज पाऊस, उद्या ऊन, असं क्रमाने का? सामर्थ्य नंतर आलं म्हणाल, तर तो बदलला. नित्य उरला नाही.

नैयायिक, म्हणजे ईश्वर मानणारे न्याय दर्शनाचे तार्किक, काही गप्प बसणारे नव्हते. बी तेच असतं, त्याला फक्त माती-पाण्याची साथ लागते. तशी ईश्वराला जीवांच्या कर्मांची, असं त्यांचं उत्तर. यावर बौद्धांचा सवाल : त्या साथीने बियात काही फरक पडतो का? पडत असेल, तर बी बदललं. पडत नसेल, तर साथ हवी कशाला?

धर्मकीर्ती खोचकही आहेत. चैत्र नावाच्या कुणा माणसाची जखम शस्त्राने झाली, औषधाने भरली. ज्याचा संबंधच दिसत नाही त्यालाही कारण मानायचं, तर एखाद्या खुंटाला का मानू नये, असं ते विचारतात.

युरोपात वाद वेगळ्या दाराने शिरला. अकराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित अँसेल्म म्हणाला : ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही, तो देव. नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं थोर, म्हणून देव आहेच. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 मध्ये यातली गफलत दाखवली. ‘आहे’ हा वस्तूचा गुणधर्म नव्हे; खऱ्या शंभर थालरांत (थालर म्हणजे तिकडचं जुनं चांदीचं नाणं) कल्पनेतल्या शंभरांपेक्षा एकही नाणं जास्त नसतं. फरक पडतो तो खिशाला, हेही तो कबूल करतो. मला इथे तो धर्मकीर्तींच्या उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी फिरल्यासारखा वाटतो. खऱ्या थालरांनी भाकरी मिळते, ही अर्थक्रियाच तर झाली!

भौतिकशास्त्रज्ञ नकळत हीच कसोटी लावतात. न्यूट्रिनोची कल्पना पाउलीने 1930 मध्ये मांडली. तो कण सापडला असं जाहीर झालं 1956 मध्ये, तेही अमेरिकेतल्या एका अणुभट्टीशेजारच्या टाक्यांमध्ये त्याने घडवलेले परिणाम टिपल्यावर. तोवर तो हिशेब जुळवण्यापुरता होता.

पण या कसोटीची किंमत बौद्धांनाही मोजावी लागली. ती बियाला लावली की माणसालाही लागते. सगळंच क्षणोक्षणी नवं ठरतं. अकराव्या शतकात विक्रमशिला विहारातल्या रत्नकीर्तींनी ईश्वराच्या खंडनावर लिहिलं, तसंच या क्षणभंगाच्या समर्थनार्थही. विरोधक विचारत, मग काल भेटलेल्या माणसाला आज ‘हा तोच’ म्हणून ओळखतो ते कसं? बौद्धांचं उत्तर न्हाव्याच्या दुकानातलं होतं : कापलेले केस पुन्हा वाढतात, त्यांनाही आपण ‘तेच केस’ म्हणतोच की.