मोहरीच्या उशीनं डोकं गोल होत नाही

बारशाच्या खरेदीला महाद्वार रोडला गेलात की झबली-दुपट्यांबरोबर मोहरीची उशीही पुढं येते. ‘डोकं गोल होतंय बघा,’ असं वर ऐकवतात. समजूत जुनी आहे, पण खरी नाही.

बाळाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. सतत एकाच बाजूवर दाब पडला की डोकं तिथं चपटं होतं. बाळ मान धरून बसायला लागलं की दाब कमी होतो आणि बहुतेकांचा आकार आपसूक सुधारतो. श्रेय मात्र उशीला! उलट उशीमुळं श्वास कोंडण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा इशाराच दिला. शिवण उसवली तर सांडलेली मोहरी नाकातोंडात जायची, ते वेगळंच.

पहिलं वर्षभर उशी नकोच. कडक, सपाट गादीवर बाळाला उताणं झोपवा. मऊ खेळणीही अंथरुणात ठेवू नका. डोक्याची बाजू आलटून-पालटून ठेवा, जागेपणी कुणीतरी जवळ बसून पालथं घाला. मान एकाच बाजूला वळत असेल तर मालीशवाल्या मावशींना विचारत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.