सेन्सर लाइट कुठे लावायची, हे आधी ठरवा

हल्ली जिन्यात, पोर्चमध्ये, बाथरूममध्ये सगळीकडे सेन्सरवाली लाइट लावतात आणि मग तक्रार ठरलेली, की समोर जाऊन हात हलवला तरी लागत नाही नाहीतर कोणी नसताना आपोआप लागते. बऱ्याच वेळा सेन्सर चांगलाच असतो, जागा चुकलेली असते. आणि जागा का चुकली हे कळायला तो आत काय करतो ते थोडं माहीत हवं.

घरात जास्त करून जो सेन्सर असतो तो पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड), पांढरट प्लॅस्टिकचा अर्धगोल घुमट असलेला. आपल्या अंगातून सतत इन्फ्रारेड किरण निघत असतात, डोळ्यांना न दिसणारे, साधारण 9-10 मायक्रॉन तरंगलांबीचे, ते हा पकडतो. स्वतः काहीच सोडत नाही. आत हे किरण टिपणारे दोन छोटे तुकडे शेजारी शेजारी, उलटसुलट जोडलेले. अख्खी खोली हळूहळू तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होतो आणि तो एकमेकांत वजा होतो. माणूस आडवा गेला की आधी एका तुकड्यावर उष्णता पडते, मग दुसऱ्यावर, आणि या फरकावर दिवा लागतो. घुमटावर जे चौकोन चौकोन दिसतात ना, त्या बारीक लेन्स आहेत, समोरची जागा त्या पट्ट्यापट्ट्यांत वाटून देतात.

म्हणूनच तुम्ही सेन्सरच्या दिशेने सरळ नाकासमोर चालत आलात तर त्याला उशिरा कळतं, आडवे गेलात तर लगेच. लांब पॅसेजच्या टोकाला, येणाऱ्याच्या बरोबर समोर सेन्सर लावतात ते मला अजिबात पटत नाही, बाजूच्या भिंतीवर दोन-सव्वादोन मीटर उंचीवर लावा. काचेच्या मागे तर नकोच, आपल्याला काच आरपार दिसते पण हे किरण तिच्यातून जात नाहीत. एसीच्या झोतासमोर, गॅसच्या शेगडीसमोर, दुपारचं ऊन पडतं त्या खिडकीसमोरही नको. पाल फिरली तर सहसा फरक पडत नाही, तिचं अंग जवळपास भिंतीइतकंच गरम असतं. मांजर मात्र हमखास दिवा लावते.

आता उन्हाळा. आपल्या कातडीचं तापमान साधारण 33-34 अंश. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दिवसभर तापलेल्या भिंती संध्याकाळी निवत निवत तेवढ्यावरच येतात, मग भिंत आणि माणूस यात फरकच उरत नाही आणि सेन्सर गोंधळतो, अगदी जवळ गेल्यावरच लागतो. भर दुपारी भिंत 42-43 वर असेल तर उलट पुन्हा चालतो, कारण तेव्हा आपणच भिंतीपेक्षा थंड! त्यामुळे मे महिन्यात लाइट उशिरा लागायला लागली म्हणून लगेच नवीन घेऊ नका.

दुसरा प्रकार मायक्रोवेव्हचा, बऱ्याचदा 5.8 गिगाहर्ट्झचा. हा स्वतः लहरी सोडतो आणि हलत्या वस्तूवरून परत येताना त्यांची वारंवारता किती बदलली ते बघतो. उकाड्याचा याला त्रास नाही, पण लहरी लाकडी दारातून आणि पातळ भिंतीतून पलीकडे जातात, मग बाहेरच्या पॅसेजमधून कोणी गेलं की तुमच्या बाथरूममधली लाइट लागते. फिरणारा पंखासुद्धा त्याला माणसासारखाच. सेटिंग असेल तर रेंज कमी करा.

बाथरूममध्ये आणखी एक अडचण असते, माणूस स्थिर बसला की पीआयआरच्या लेखी खोली रिकामी, आणि टायमर संपला की अंधार. घरात म्हातारी माणसं असतील तर हे धोक्याचं आहे, अंधारात ओल्या फरशीवर उठायचं म्हणजे पडायची भीती. तिथे टायमर निदान 10 मिनिटांवर ठेवा, किंवा 24 गिगाहर्ट्झवाला प्रेझेन्स सेन्सर घ्या, त्याला श्वासाने छाती हलते तेवढंही कळतं. जमत नसेल तर बाथरूमला सरळ साधं बटणच ठेवा आणि सेन्सर पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीवर, मंद पिवळ्या दिव्यासोबत लावा.