टिटवीचे घरटे-रक्षण

उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी ती शिकाऱ्यांपासून वाचवण्यासाठी जे काही करतात, त्याला घरटे-रक्षण म्हणतात. ठाणे-नवी मुंबईत ते सहज पाहायला मिळते टिटवीमुळे (शास्त्रीय नाव व्हॅनेलस इंडिकस). खाडीकाठचे भराव, मोकळे प्लॉट, खारघर डोंगराच्या पायथ्याचे माळ ही तिची जागा. वीण मुख्यतः मार्च ते ऑगस्ट.

घरटे म्हणजे नुसता उथळ खळगा. कडेला खडे, कधी शेळीच्या लेंड्या. त्यात मातकट रंगावर काळे डाग असलेली 3-4 अंडी असतात. हातभर अंतरावरूनही ती खड्यांतून वेगळी काढता येत नाहीत. नर-मादी आळीपाळीने 28 ते 30 दिवस उबवतात.

धोका दिसला की टिटवी जागेवरून उडत नाही. मान खाली घालून गुपचूप चालत दूर जाते आणि मग ओरडायला लागते. त्यामुळे जिथे आरडाओरडा, तिथे अंडी बहुधा नसतातच. पुढचे वागणे समोर कोण आहे त्यावर ठरते. कावळ्या-घारीच्या ती मागे लागते, मुंगसावर वरून झेपावते. चरणाऱ्या गुरांना मात्र पंख फाकवून अडवते; गाय अंडी खात नाही, पण खुराखाली चिरडते.

याहून थक्क करणारे म्हणजे जखमेचे सोंग. टिटवीपेक्षा कंठेरी चिखल्या हा छोटा पक्षी यात अधिक तरबेज. एक पंख लोंबता सोडून, शेपटी पसरून तो जमिनीवर फरफटत जातो. शिकारी थांबला की हाही थांबतो, वळून पाहतो आणि पुन्हा लंगडतो. घरटे पुरेसे मागे पडले की भुर्रकन उडून जातो. हा भीतीचा झटका नव्हे, हे त्या वळून पाहण्यातूनच कळते. एकट्या मुंगसाला ही हूल पुरते. भटक्या कुत्र्यांच्या टोळीपुढे एका जोडीचा निभाव लागणे कठीण.

रात्री टिटवी ओरडली की अपशकुन, असे अजून मानले जाते. खरे तर तो इशारा असतो. ‘टिटवी देखील समुद्र आटवते’ ही म्हण तिच्या जिद्दीला अधिक न्याय देते.

पिल्ले जन्मल्यावर काही तासांतच चालू लागतात. आईबापांचा इशारा ऐकताच जमिनीला चिकटून निपचित पडतात आणि धोका टळेपर्यंत हलत नाहीत. म्हणून टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागली की मोबाइल काढून अंडी शोधत बसू नये. कावळे आपल्यावर नजर ठेवून असतात. पायाखाली बघत, आल्या वाटेने परतावे.