बहर ओसरला की झाड जमिनीलगत कापावे का?

बहुवर्षायू फुलझाडांचा बहर ओसरला की ती सरसकट जमिनीलगत कापावीत, म्हणजे पुन्हा जोमाने फुटतात, हा समज बागकाम करणाऱ्यांत फार जुना आहे. तो अगदीच निराधार नाही, कारण नेपेटा या सुगंधी पानांच्या, जांभळट फुलांच्या झाडासारखी काही झाडे अशी कापल्यावर काही आठवड्यांत नवी पालवी आणि बहुधा दुसरा बहरही देतात. चूक होते ती हाच नियम सगळ्यांना लावण्यात.

डॅफोडिलचेच पाहा. फूल सुकल्यावर त्याची लोळू लागलेली पाने गबाळी दिसतात हे खरे, परंतु पुढच्या वर्षीच्या फुलासाठी कंदात अन्न साठवण्याचे काम तीच करत असतात, म्हणून ती किमान ६ आठवडे राहू द्यावीत. त्यांच्या गाठी मारून ठेवण्याची हौसही टाळलेली बरी.

लॅव्हेंडरच्या बाबतीत धोका आणखी मोठा आहे. त्याची फांदी जवळून पाहिली, तर वरचा भाग करडा-हिरवा आणि पानांनी भरलेला, तर खालचा तपकिरी, लाकडासारखा व उघडा दिसतो. या जुन्या लाकडातून नवे कोंब क्वचितच फुटत असल्यामुळे कात्री हिरव्या भागातच थांबवावी लागते.

सुकलेली फुले खुडणे मात्र बहुतेक झाडांना मानवते, कारण बी धरण्यात खर्च होणारी शक्ती वाचते. खुडताना नुसत्या पाकळ्या ओढून उपयोग नसतो. पाकळ्यांमागची फुगीर गाठही देठासकट काढावी लागते, कारण बी तिथेच धरते.