सांडपाण्याचा निकष आणि खान्देशातली उन्हाळी नदी

भुयारी गटार झाली, प्रक्रिया केंद्र उभे राहिले, तरी नदी काळीच कशी, हा प्रश्न पालिकांना विचारला जातो. त्याच्या उत्तराची एक बाजू १९१२ सालापर्यंत जाते. त्या वर्षी ब्रिटनच्या रॉयल कमिशनने आठव्या अहवालात शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी मर्यादा सुचवली: लिटरमागे बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) २० आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅम. सोबत अट होती, नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी हवे. हिशोब सरळ आहे. नदीचा बीओडी २ धरला, तिच्या आठ भागांत २० बीओडीचा एक भाग मिसळला, की मिश्रण ४ वर येते.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राने १९७४ मध्ये. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरे वगळता बहुतेक शहरांना बीओडी ३० ची मर्यादा मिळाली. आकडा आला, आठपटीची अट मागेच राहिली.

आणि आपल्याकडे नेमकी तीच महत्त्वाची. गिरणा, पांझरा, बोरी या पावसाळी नद्या. गिरणा धरण १९६९ चे, बोरीवर तामसवाडीला धरण. अडवलेले पाणी पाटात आणि गावाच्या नळांत गेले. चैत्र-वैशाखात गावाखालच्या पात्रात वाहते ते बहुतांशी गावाचेच सांडपाणी. प्रक्रिया केंद्र अगदी नियमात चालले तरी तिथे बीओडी ३० च राहणार. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ आहे.

दुसरी बाजू घराघरांतली. टोपलीचे संडास गेले, सेप्टिक टाक्या आल्या. टाकीचे पाणी शोषखड्ड्यात जिरायला हवे, पण काळ्या मातीत ते जिरत नाही. म्हणून पाइप थेट उघड्या गटारीत. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते, उपसली जाते तुंबल्यावर.

प्रक्रिया केंद्राचा आराखडा माणशी रोज १३५ लिटर पुरवठा आणि त्यातले ८० टक्के गटारीत, असा होतो. ५० हजार वस्तीला ५४ लाख लिटर. नळ चार-पाच दिवसांआड येत असेल तर त्याच्या निम्मेही येत नाही, तेही पाणी आलेल्या दिवशी एकदम. उरलेल्या वेळी मैला वाहिनीत बसून सडतो. घरजोडण्या होईपर्यंत नालाच अडवून केंद्राकडे वळवला, तर पावसाळ्यात उलटे: पातळ पाणी, वाळू, प्लास्टिक, आणि पंप जाम.

सांडपाणी शुद्ध करण्याच्या एसबीआर (सिक्वेन्सिंग बॅच रिअॅक्टर) पद्धतीत एकाच टाकीत हवा देणे, निवळवणे, वरचे पाणी काढणे आळीपाळीने चालते. निम्म्याहून अधिक वीज हवेलाच लागते. काही तास हवा बंद पडली की जिवाणूंचा गाळ काळा पडतो, वर तरंगतो आणि निवळीबरोबर बाहेर जातो. जनरेटर असतो, डिझेलची तरतूद बहुधा नसते. जास्तीचा गाळ वेळेवर काढला नाही तरी परिणाम तोच, आणि ही चूक विजेच्या नावावर सहज खपते.

म्हणून उन्हाळ्यात शुद्ध पाणी पात्रात न सोडता शेतीला देणे इथे जास्त सयुक्तिक. शेतकरी नाल्यावर मोटारी लावून ते उचलतातच, फक्त कच्चे. पण केळीच्या ठिबकला ३० बीओडीचा दाखला पुरत नाही. निर्जंतुकीकरण हवे, वाळूचा फिल्टर आणि पुढे १२० मेशचा डिस्क फिल्टर हवा. पाणी तळ्यात साठवले तर शेवाळ धरते, आणि वाळूचा फिल्टर सारखा उलटा धुवावा लागतो. तो कोणी धुवायचा, पालिकेने की शेतकऱ्याने, हे करारातच लिहिलेले बरे.