पडद्यावरची शाळा दहावीपर्यंत उशिरा का पोचली?

ऑनलाइन शिक्षण जणू मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली तेव्हाच जन्माला आलं, अशी बोलण्याची पद्धत पडली आहे. लांबून शिकवण्याचा खटाटोप आपल्याकडे त्याच्या किती तरी आधीपासूनचा. आणि तो सुरू झाला हायस्कूलच्या वर्गांपासून.

ऑक्टोबर १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दिल्लीतल्या माध्यमिक शाळांसाठी टीव्हीवरून पाठ सुरू झाले. कारण अगदी व्यवहारी होतं: विज्ञानाचे शिक्षक कमी, प्रयोगशाळा त्याहून कमी. स्टुडिओत एका चांगल्या शिक्षकाने प्रयोग करून दाखवायचा, वर्गातल्या शिक्षकाने त्याआधी तयारी करून घ्यायची आणि नंतर शंका सोडवायच्या. पडदा आणि शिक्षक यांची ही वाटणी आजही शहाणपणाची वाटते.

पुढच्या मोठ्या योजनांनी मात्र लहान मुलांकडे मोहरा वळवला. १९७५-७६ मध्ये इस्रोने नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्ही पोचवला (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यातले शालेय कार्यक्रम ५ ते १२ वयाच्या मुलांसाठी. इन्सॅट हे आपले स्वतःचे उपग्रह आल्यावर १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही शालेय टीव्ही कार्यक्रम बनवणारी संस्था उभी राहिली. एका पिढीला तिची आठवण निघाली तरी भरून येतं, पण तीही मुख्यतः प्राथमिकच्या मुलांची. २०१७ मध्ये ती बंद झाली.

असं का झालं, याचं उत्तर तंत्रज्ञानात नाही, कायद्यात आहे. सरकारचं बंधन चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचं. राज्यघटनेच्या मूळ मार्गदर्शक तत्त्वांत तेच होतं आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तेच. आठवीनंतर जबाबदारी सैल होते, आणि नेमकी तिथेच गळती वाढते. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत सातवी-आठवीच्या पुढे जात नाही. पुढचं हायस्कूल एखाद्या संस्थेचं, मोठ्या गावात. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण पाससाठी आधी एसटी यावी लागते! वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी, हे राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाचं उद्दिष्ट ठरलं तेव्हा २००९ साल उजाडलं होतं.

दरम्यान दुसरी एक वाट वेगळीच चालली होती. १९७९ मध्ये सीबीएसई या केंद्रीय बोर्डाने मुक्त शाळेचा, म्हणजे रोज वर्गात न जाता परीक्षा देण्याचा, प्रयोग केला, १९८९ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली आणि २००२ पासून एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) म्हणून ओळखली जाते. पाच वर्षांत नऊ संधी, विषय आपल्या सोयीने. आपल्याकडे लोकांच्या ओळखीचा होता तो १७ नंबरचा फॉर्म, शाळेत न जाता बाहेरून राज्य बोर्डाच्या परीक्षेला बसण्याचा. दोन्हींत प्रमाणपत्राची सोय चोख, शिकवण्याची जेमतेम. थोडक्यात, टीव्ही शिकवायचा पण पास करायचा नाही; मुक्त शाळा पास करायची, शिकायचं ज्याचं त्याने. माझ्या मते माध्यमिकचं खरं नुकसान या ताटातुटीत झालं. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला, तेव्हाही पहिल्या चाचण्या विद्यापीठांत. त्यात नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं.

२०१७ मध्ये दीक्षा (शालेय धड्यांचे व्हिडिओ) आणि स्वयम् (ऑनलाइन अभ्यासक्रम) हे केंद्र सरकारचे मंच सुरू झाल्यावर या दोन वाटा जवळ येऊ लागल्या. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ क्यूआर कोड छापला जाऊ लागला. त्याच्याखाली सहा अक्षरांचा सांकेतांक असतो; फोनचा कॅमेरा धड नसेल तर तो टाइप करूनही व्हिडिओ उघडतो. असली साधी सोय मोठमोठ्या घोषणांपेक्षा उपयोगी पडते. स्वयम् वर नववी ते बारावीचे अभ्यासक्रम देण्याचं काम एनआयओएसकडेही आलं.

मग करोना. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० मध्ये सुरू झालेली 'टिलीमिली' ही चांगली मालिका पुन्हा पहिली ते आठवीची. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत, शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांच्या घरांत स्मार्टफोनचं प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. आकडा मोठा, पण फोन वडिलांच्या खिशात आणि वडील सकाळीच कामावर. पोरीच्या हाती तो रात्री यायचा, तोवर तास संपलेला.

आजही दहावीला विज्ञानाच्या दोन पेपरांचे ८० गुण सोडले, तर उरलेले २० प्रात्यक्षिकाचे. ते पडद्याच्या नाही, शाळेच्या हातात असतात, आणि १७ नंबरचा फॉर्म भरणाऱ्यालाही संपर्क केंद्र म्हणून एखादी शाळा जोडून घ्यावीच लागते.